फ्लॅटमध्ये जागा कमी आहे, मोठ्या तानपुऱ्याऐवजी भोपळा नसलेला चपटा ट्रॅव्हल तानपुरा रियाजाला चालेल का?

हो, रोजच्या रियाजाला नक्की चालेल, फक्त जवारी, म्हणजे तारेचा झणकार उघडणारी जुळणी, नीट लावलेली हवी. तानपुऱ्याचा तो झणकार मुळात भोपळ्यातून येत नाही. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीच्या किंचित गोलसर माथ्यावर तार घासत कंप पावते आणि तारेखाली सरकवलेला सुती दोरा योग्य जागी आला की स्वर एकदम उघडतो, केसभर इकडेतिकडे झाला तरी मिटतो. ही व्यवस्था चपट्या लाकडी पेटीवरही तशीच असते. मी स्वतः दोन्ही वापरतो, म्हणून खात्रीने सांगतो. भोपळा देतो ती गोलाई आणि खोली, ती मात्र इथे कमी मिळते.

अडचण आहे ती खर्जाची, म्हणजे सर्वांत खालच्या स्वराच्या तारेची. पुरुषी तानपुरा साधारण 5 फुटांचा, हा जेमतेम 3 फुटांचा. त्यामुळे पांढरी एक किंवा काळी एक अशा खालच्या पट्टीत (हार्मोनियमच्या ज्या पट्टीवर आपला सा धरतो ती) गात असाल तर आखूड तार सैल पडते, आवाज बसतो. जाड तारा लावून घ्या. काळी चार-पाचच्या, म्हणजे उंच पट्टीच्या गळ्याला हा त्रास होत नाही. शक्य असेल तर तानपुऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या मिरजेला जाऊन, आपल्या पट्टीत लावून, चारही तारा ऐकूनच घ्या.