गॅरेजवर पाहुण्यांसाठी आणि घरच्यांसाठी मिळून एकच खोली काढायची आहे. ती कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की गॅरेज बारा बाय वीसचं आहे, वर स्लॅब आहे, त्यावर एक खोली चढवायची आहे. पाहुणे आले की त्यांना झोपायला, एरवी घरच्यांना टीव्ही बघायला, मुलांना अभ्यासाला. आणि विचारलंय काय, तर सोफा-कम-बेड घ्यावा की भिंतीत दुमडणारा पलंग, आणि रंग कोणता द्यावा. जिन्याबद्दल एक अक्षर नाही, बाथरूमबद्दल नाही. म्हणून लिहायला बसले.

आमचं घर सांगलीत, शामरावनगरकडे. १९९६ साली बांधलेलं, बैठं. बाजूला दहा बाय अठराचं गॅरेज, उंची जेमतेम आठ फूट. २०११ मध्ये मुलगी दहावीला गेली, सासूबाई गावाकडून कायमच्या आमच्याकडे आल्या आणि घर अपुरं पडायला लागलं. गॅरेजवर खोली काढायचं ठरलं. माझे थोरले दीर बांधकामाची कामं घेतात. घरचाच माणूस असल्यावर बाहेरच्याला कोण विचारतंय?

भावजींनी वहीच्या मागच्या पानावर चौकोन काढला. एक दार, दोन खिडक्या. झाला नकाशा. मी म्हटलं, "बाथरूम?" तर म्हणाले, "अगं, पाहुणे काय महिनाभर राहतात का? रात्री एकदा उतरतील खाली." मी म्हटलं, "आणि जिना?" तर म्हणे गोल लोखंडी लावू, पाच फुटांत बसतो, सरळ जिना केला तर तुझं अंगण जाईल, तुळस जाईल. यावर आमचे हे म्हणाले, "दादा म्हणतो ते बरोबर आहे." हे वाक्य मी लग्नापासून ऐकत आले आहे.

बाथरूमसाठी मी भांडले. दोन दिवस पिठलं-भाकरीशिवाय काही केलं नाही. शेवटी तह झाला, मला बाथरूम मिळालं आणि जिना भावजींच्या मनासारखा झाला. तुम्ही असला तह करू नका.

एक गोष्ट भावजींनी बरोबर केली, ती सांगायलाच हवी. आरसीसीवाल्या इंजिनिअरला आणून दाखवलं. गॅरेजच्या भिंती नुसत्या विटांच्या, पाया काळ्या मातीत, तोही वरवरचा. इंजिनिअर म्हणाले, या भिंतींवर काही चढवायचं नाही. नऊ इंची विटांची भिंत दहा फूट उंच केली तर लांबीच्या दर फुटाला चारशे किलोच्या वर वजन होतं, आणि काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. मग चार कोपऱ्यांना बाहेरून खड्डे घेतले, मुरूम लागेपर्यंत खाली गेलो, आणि स्वतंत्र कॉलमवर खोली उभी केली. भिंती हलक्या ब्लॉकच्या केल्या, ज्यांना सगळे सिपोरेक्स म्हणतात. तुमच्या गॅरेजवर स्लॅब आहे म्हणजे वर खोली पेलेल असं धरून चालू नका. गच्ची म्हणून टाकलेली स्लॅब वेगळी असते.

बाथरूमचं थोडं किचकट झालं. जुन्या स्लॅबवर बाथरूम घ्यायचं तर स्लॅब खाली दबवता येत नाही, आणि पाईप खालून लटकवला तर गाडीच्या टपाला लागतो. म्हणून बाथरूमची जमीन सात इंच उचलली, नहाणी ट्रॅप, म्हणजे सांडपाणी जायची जाळीखालची वाटी, त्या उंचीत बसवला, कमोड भिंतीवर टांगायचा घेतला आणि त्याचा पाईप सरळ भिंतीतून बाहेर काढला. आत जाताना एक पायरी चढावी लागते. पाहुण्यांना पहिल्या रात्री ठेच लागते, दुसऱ्या रात्री सवय होते. फरशी बसवायच्या आधी पाणी दोन दिवस तुंबवून ठेवा आणि खाली गॅरेजमध्ये उभं राहून छत बघा. इथे घाई केली तर पुढे दर पावसाळ्यात रडाल.

आता मुख्य गोष्ट.

ऑगस्ट २०१९. कृष्णेचं पाणी चढत होतं. सांगलीत नदीवरच्या आयर्विन पुलाजवळ ४५ फुटांना धोक्याची पातळी धरतात. सांगलीत पाणी आलं की प्रत्येक जण २००५चं माप काढतो. २००५ला पाणी आमच्या गेटपर्यंत येऊन मागे गेलं होतं. त्यामुळे हे निवांत होते, म्हणत होते, "गेटच्या आत यायचं नाही." गाडी तेवढी मिरजेला बहिणीकडे लावून आले होते. त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं.

आमच्याकडे पाणी गेटातून आलंच नाही आधी. पहाटे खालच्या बाथरूमच्या नहाणीतून बुडबुड आवाज यायला लागला. मी जाऊन बघते तर जाळी वर उचलली गेलेली आणि काळं पाणी फरशीवर पसरत होतं. अर्ध्या तासात दिवाणखान्यात घोटाभर झालं. त्याच्या आदल्या रात्रीच भावजी, जाऊबाई, त्यांचा मुलगा, सून आणि तीन वर्षांचा नातू आमच्याकडे आले होते, कारण गावभागातल्या त्यांच्या घरात पाणी आधी शिरलं. शेजारच्या काकू एकट्या, त्यांनाही बोलावलं. म्हणजे आम्ही तिघं धरून नऊ माणसं, आणि जायला जागा एकच, गॅरेजवरची खोली.

सासूबाई तेव्हा ८१ वर्षांच्या. दोन्ही गुडघे गेलेले. २०११ पासून त्या खोलीत त्या एकदाही गेल्या नव्हत्या. आठ वर्षांत एकदाही नाही, कारण गोल जिन्याची पायरी मधल्या खांबाशी चार बोटं असते आणि बाहेरच्या टोकाला जेमतेम पाऊल मावतं. प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून न्यायचं ठरलं. खुर्ची तिसऱ्या पायरीलाच अडकली, वळेना. उचलून न्यावं तर दोन माणसं शेजारी शेजारी उभी राहू शकत नाहीत. बाहेर पाऊस, पायरी निसरडी, खाली पाणी चढतंय.

शेवटी सासूबाईंनीच मार्ग काढला. जिन्याकडे पाठ करून पायरीवर बसल्या आणि बसून बसून वर सरकायला लागल्या. मी खालून त्यांचे पाय एकेका पायरीवर ठेवत होते, आणि वरून काखेत हात घालून ओढत कोण होतं? भावजी. चौदा पायऱ्यांना अर्धा तास लागला. नवव्या पायरीवर त्या दम खायला थांबल्या. वर बघून विचारलं, "हा जिना कुणी केला रे?"

भावजी काही बोलले नाहीत. मीही बोलले नाही. आजपर्यंत बोलले नव्हते, हे आत्ता लिहितेय तेवढंच.

चार रात्री काढल्या वर. खाली घरात कमरेच्या वर पाणी. वीज नाही. घराच्या गच्चीवरची हजार लिटरची टाकी आदल्या दिवशी मोटर लावून भरून ठेवली होती, तेवढ्यावर नऊ माणसं. अंघोळ बंद, माणशी दीड बादली, कमोडला मगाने पाणी. पाण्याखाली गेलेल्या ड्रेनेजमुळे दुसऱ्या दिवशी कमोड गुरगुरायला लागला, पण पाईप उंचावरून उतरत असल्यामुळे पाणी हळूहळू जायचं. ते बाथरूम नसतं तर काय केलं असतं, मला विचारू नका. रोज सकाळी त्यात पहिला नंबर कुणाचा लागायचा, तेही विचारू नका. त्याच माणसाने म्हटलं होतं, रात्री एकदा उतरतील खाली.

तिसऱ्या दिवशी बोटीतून दूध आणि मेणबत्त्या आल्या. खिडकीतून दोरीला बादली बांधून सोडू म्हटलं, तर खिडकीला ग्रील, तेही पक्कं वेल्ड केलेलं. दुधाची पिशवीसुद्धा आडवी करून, चेपून आत घ्यावी लागली. तेव्हा एका खिडकीचं तरी ग्रील कडी-कुलपाचं, उघडणारं ठेवा. पूर नसला तरी आग लागू शकते, दार अडकू शकतं.

तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते.

सोफा-कम-बेड घेऊ नका. सोफा म्हणून उंच, पलंग म्हणून मध्ये दांडी टोचणारा. भिंतीत दुमडणारा पलंग चांगला, पण रोज सकाळी तो बंद कोण करणार ते आधी ठरवा. आमच्याकडे सहा बाय तीनचे दोन दिवाण आहेत, आत गाद्या-रजया. जोडले की डबल बेड, लांब केले की बैठक, मध्ये जमिनीवर गादी घातली की आणखी चार माणसं. पावसाळ्यात आतल्या गाद्यांना वास लागतो, तेव्हा डांबराच्या गोळ्या टाका आणि ऊन पडलं की बाहेर काढा.

घरच्यांना बसायची खोली म्हणताय, ते काही खरं नाही. घरचे जिथे चहाची हाक ऐकू येते तिथेच बसतात. आमच्या खोलीत मोठा टीव्ही लावला होता, महिन्याभरात तो खाली आणला. वर बसून चहा हवा असेल तर कुणीतरी ट्रे घेऊन चौदा पायऱ्या चढायच्या, आणि ते कुणीतरी मीच होते. शिवाय पाहुणा दहाला झोपतो आणि आमच्या ह्यांची मॅच अकराला संपते. त्यामुळे त्या खोलीचा खरा उपयोग म्हणजे मुलीचा अभ्यास, माझ्या कुरडया-सांडगे, शाळूची दोन पोती, आणि वर्षातले वीसेक दिवस पाहुणे. तुमच्याकडे वेगळं असेल तर आनंद आहे.

रोलिंग शटर असेल तर आधी ते बदला. माझा भाऊ दिवाळीत त्या खोलीत झोपला होता. साडेपाचला ह्यांनी स्कूटर काढायला शटर उचललं, तर भाऊ कोयनेच्या भूकंपाचा धक्का बसला समजून अंगणात. त्यानंतर आम्ही दोन फळ्यांचं साधं दार बसवलं. खाली गाडी चालू ठेवून गरम करत बसायचं नाही, आणि स्लॅबमधून वर येणाऱ्या पाईप-वायरींची भोकं नीट बुजवायची. गाडीच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेल्या माणसाला तो कळत नाही.

उन्हाचं. ही खोली चारी बाजूंनी आणि वरून तापते. बाथरूम आणि कपाटं पश्चिमेच्या भिंतीला घ्या, म्हणजे दुपारचं ऊन ती खातील. आम्ही वर चायना मोझॅक, म्हणजे पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांचा थर, नंतर केलं. आधीच करायला हवं होतं. एप्रिलमध्ये रात्री बारापर्यंत गादी गरम लागायची.

आणि जिना. नॅशनल बिल्डिंग कोडप्रमाणे घरातल्या जिन्याची पायरी १९० मिलिमीटरपेक्षा उंच नको आणि पाऊल ठेवायची जागा २५०च्या आत नको. आम्ही २०२० मध्ये गोल जिना भंगारात घातला आणि सरळ जिना बांधला. सव्वातीन फूट रुंद, मध्ये लँडिंग, दोन्ही बाजूंना कठडा. जिन्याचे पैसे दोनदा गेले. तुळस चार फूट सरकली, तिला काही झालं नाही. २०२१च्या जुलैत पुन्हा पाणी आलं तेव्हा सासूबाई काठी टेकत आपल्या पायांनी वर गेल्या, लँडिंगवर दोन मिनिटं बसल्या, इतकंच.

हे सगळं आमच्या गावचं झालं. तुमच्याकडे नदी नसेल, घरात म्हातारं माणूस नसेल, तर गोल जिना तुम्हाला चालेलही. पण गादी, कपाट, फ्रीज त्यावरून वर जात नाही, आमचे दिवाण दोरीने कठड्यावरून ओढून घेतले होते. परवानगीचंही बघा. गॅरेज साइड मार्जिनमध्ये, म्हणजे घराच्या बाजूला मोकळ्या सोडायच्या जागेत, सवलतीत मिळालेलं असेल तर वर खोली मंजूर होईलच असं नाही, मंजूर नकाशा आधी काढा. पूररेषेत प्लॉट असेल तर निळी रेषा, म्हणजे बांधकामाला मनाई असलेल्या पट्ट्याची हद्द, कुठून जाते तेही विचारा. खोलीची उंची पावणेतीन मीटर, म्हणजे नऊ फूट तरी ठेवा.

मागच्या महिन्यात भावजी आमच्याकडे बसले होते, कुणाशी तरी फोनवर कामाचं बोलत होते. म्हणाले, "गोल जिना अजिबात नको हो, मी पहिल्यापासून त्याच्या विरोधात आहे." मी त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि आत गेले.

हां, रंग. पांढऱ्याकडे झुकणारा कुठलाही द्या.