‘इम्पॉर्टन्ट’च्या जागी काय लिहू? : वाचकांचे प्रश्न

‘इम्पॉर्टन्ट’ आणि त्याच्या आसपासच्या शब्दांबद्दल त्याच त्या शंका येत राहतात, म्हणून या वेळी फक्त त्याच घेतल्या आहेत.

‘अ इम्पॉर्टन्ट’ की ‘ॲन इम्पॉर्टन्ट’? (विद्यार्थी, सिडको)

‘ॲन’.

‘इम्पॉर्टन्ट टू’ बरोबर की ‘इम्पॉर्टन्ट फॉर’? (गृहिणी, पंचवटी)

दोन्ही. कुणाला काय मोलाचं वाटतं ते सांगताना ‘टू’, कशासाठी काय गरजेचं आहे ते सांगताना ‘फॉर’. आईचं मत ‘इम्पॉर्टन्ट टू मी’, झोप ‘इम्पॉर्टन्ट फॉर हेल्थ’. काही वाक्यांत दोन्ही चालतात. अडलं तर कोशातली उदाहरणं पाहा.

कॉलेज रोडवरच्या क्लासमध्ये सांगितलं की निबंधात ‘इम्पॉर्टन्ट’ लिहिलं तर मार्क जातात, त्याऐवजी ‘क्रूशल’, ‘व्हायटल’, ‘सिग्निफिकंट’ लिहा. शब्दांची यादी विकत घेतली आहे. पाठ करू का? (बारावीची विद्यार्थिनी)

करू नकोस. मार्क जातात म्हणणाऱ्यांना तसा नियम दाखवायला सांग. या याद्या विकल्या जातात, कारण मुलांना साध्या शब्दाची लाज वाटायला लावलेली असते, आणि मला याचाच राग येतो. ‘इम्पॉर्टन्ट’ साधा आहे, कमी दर्जाचा नाही.

यादीतले शब्द एकमेकांच्या जागी बसत नाहीत. ज्यावर पुढचा निकाल ठरतो ते ‘क्रूशल’, जसा द्राक्षं फुलोऱ्यात असतानाचा आठवडा. ज्यावाचून जीवच चालत नाही ते ‘व्हायटल’. नाडी, श्वास, रक्तदाब यांना ‘व्हायटल साइन्स’ म्हणतात ते त्यामुळेच. ‘क्रिटिकल’ फार जपून वापरायचा. अंबडच्या कारखान्यात ड्रॉइंगवर एखादं माप ‘क्रिटिकल’ असेल, तर ते चुकल्यावर अख्खा जॉब, म्हणजे घडवायला घेतलेला भाग, वाया जाऊ शकतो. तू ‘माय क्रिटिकल फ्रेंड’ लिहिलंस, तर मैत्रीण टीका करणारी आहे की दवाखान्यात अत्यवस्थ आहे, असा प्रश्न वाचणाऱ्याला पडेल.

‘सिग्निफिकंट’ने तर प्रबंध लिहिणारेही फसतात. संशोधनात हा शब्द आला की वाचणारा संख्याशास्त्रीय चाचणी शोधतो. पी-व्हॅल्यू, म्हणजे खरा फरक नसताना निव्वळ योगायोगानं एवढा फरक दिसण्याची शक्यता, ०.०५ पेक्षा कमी आली, एवढ्यानं फरक मोठा किंवा उपयोगाचा ठरत नाही. संख्याशास्त्र जाणणाऱ्याला माहिती गोळा करण्याआधी भेटायचं असतं, प्रबंध जमा करायच्या आदल्या आठवड्यात नाही.

तू सावानात, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात जा, मोठा कोश उघड, प्रत्येक शब्दाची वाक्यं उतरवून घे, स्वतःची दोन लिही आणि कॉलेजच्या मॅडमकडून तपासून घे.

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘नो सिग्निफिकंट ॲब्नॉर्मॅलिटी’ आहे. शेजारी म्हणतात, म्हणजे थोडा दोष आहेच. रिपोर्ट येऊन दोन आठवडे झाले. (सातपूर)

दखल घेण्याजोगा दोष या तपासणीत दिसला नाही, एवढाच त्याचा अर्थ. पण दुखणं चालूच असेल, तर त्याचं कारण या ओळीत सापडणार नाही. ते डॉक्टर सांगतील, शेजारी नाही. दोन आठवडे वाया गेलेत. उद्याच रिपोर्ट घेऊन जा.

विम्याच्या फॉर्मवर ‘मटेरियल फॅक्ट्स’ विचारले आहेत. एजंट म्हणतात, तुमची शुगर किरकोळ आहे, लिहू नका. (निवृत्त कर्मचारी, नाशिकरोड)

लिहा. इथे ‘मटेरियल’ म्हणजे महत्त्वाची, निर्णयावर परिणाम करणारी माहिती. विमा द्यायचा का आणि हप्ता किती लावायचा, हे जिच्यावरून ठरतं ती. मधुमेह त्यात येतोच. एजंटला पॉलिसी विकायची आहे. फॉर्मवर सही मात्र तुमची असेल, आणि उद्या दावा नाकारला गेला तर धावपळ तुमच्या घरच्यांची होईल. आजार कधीपासून आहे आणि गोळ्या कोणत्या चालू आहेत, तेही नोंदवा. कोरा फॉर्म सही करून एजंटच्या हाती देऊ नका. भरलेला फॉर्म आधी कंपनीच्या शाखेत किंवा विम्याची कामं पाहणाऱ्या वकिलांना दाखवा, मग सही करा आणि एक झेरॉक्स घरी ठेवा.