भजनाला तबल्याची साथ करू पाहणाऱ्या नवोदितास

गणेशोत्सवात वस्तीतल्या मंडळांना साथ करणार असाल, तर गायकांची पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ स्वर, आदल्या दिवशीच विचारून घ्या. महिला मंडळे बहुधा काळी चार-पाचच्या (पेटीच्या चौथ्या-पाचव्या काळ्या पट्टीच्या स्वराच्या) आसपास गातात, पुरुष त्याहून बरेच खाली, आणि एकच तबला दोन्हींकडे सुरेल लागत नाही. भाद्रपदातील दमट हवेत पुडी, म्हणजे तबल्यावरचे कातडे, सैल पडून स्वर उतरतो, म्हणून हातोडी सोबत ठेवावी आणि लवकर पोहोचावे. मानधनाचे संकोच न करता आधीच बोलावे. मात्र सर्वाधिक मेहनत आठ मात्रांच्या भजनी ठेक्यावर घ्या, कारण टाळकरी उत्साहाच्या भरात लय वाढवत नेतात आणि ती सावरून धरण्याची जबाबदारी, माझ्या मते, तबलजीचीच असते. लग्गी, म्हणजे जलद, रंगत आणणारे बोल, गजर रंगल्यावरच वाजवावी, अभंगाचे शब्द चालू असताना नव्हे.