लेन्स जुन्याच, बॉडी नवी : दशावताराच्या शूटसाठी कॅमेरा कोणता?

प्रश्न : माझ्याकडे कॅनन ७००डी आहे, सोबत १८-५५ आणि ५५-२५० (दोन्ही एसटीएम) आणि ५० एमएम एफ १.८. आमच्याकडे जत्रेत रात्रभर दशावतार चालतो तो पूर्ण शूट करायचा आहे, पण क्लिप अर्ध्या तासाला थांबते आणि फोकस मागेपुढे होत राहतो. बजेट ६० हजार. लेन्स विकू का?
— एक वाचक, कुडाळ

उत्तर : लेन्स अजिबात विकू नका, खरी दौलत तीच आहे. बदलायची ती फक्त बॉडी. २९ मिनिटं ५९ सेकंदांची मर्यादा तुमच्या मॉडेलमध्येच आहे आणि ड्युअल पिक्सल फोकस (सेन्सरवरूनच सलग, न अडखळता फोकस धरणारी कॅननची पद्धत) त्यात नाही, त्यामुळे सेटिंग कितीही बदललं तरी उपयोग नाही.

माझं मत कॅननचाच आर५०, किंवा चांगला सेकंडहँड मिळाला तर आर१०. दोन्हीत ईएफ टू आरएफ अडॅप्टर लावायचा (ईएफ म्हणजे तुमच्या जुन्या लेन्सचा माउंट, बसवायची जागा; आरएफ म्हणजे या नव्या बॉडींचा). ईएफ माउंटला लेन्स आणि सेन्सरमध्ये ४४ मिमी अंतर लागतं, आरएफला २०, मधले २४ मिमी भरणारी ती नुसती रिंग असते, आत काच नसते, म्हणून क्वालिटी कमी होत नाही आणि ऑटोफोकस, स्टॅबिलायझर सगळं चालतं. सेन्सर ७००डीच्याच साइजचा असल्याने फ्रेमही तीच मिळेल. फुलफ्रेमच्या (मोठ्या सेन्सरच्या) मोहात पडू नका, तुमच्या दोन्ही झूम ईएफ-एस, म्हणजे छोट्या सेन्सरसाठीच्या आहेत, तिथे फ्रेम कापली जाते.

आर५० एका क्लिपला १ तास देतो, आर१० २ तास, म्हणून रात्रभराच्या नाटकाला मी आर१० आधी शोधेन. स्वस्तात एम५० पण दाखवतील, १०८०पीला छान आहे, पण ४के लावलं की फ्रेम खूप आत येते आणि ड्युअल पिक्सल बंद होतं, तेव्हा ४केसाठी तो घेऊ नका.

रंगमंचावर उजेड कमी असतो, तिथे ५० एमएम लावा. एफचा आकडा लहान म्हणजे लेन्सचं तोंड मोठं. एफ १.८ ला झूमच्या एफ ५.६ पेक्षा जवळजवळ १० पट उजेड आत येतो, हा फरक नवीन बॉडीनेही भरून निघत नाही! आणि कॅमेरा पाल (PAL) या व्हिडिओ सेटिंगवर, २५ फ्रेम, शटर १/५० ठेवा, आपली वीज ५० हर्ट्झची, नाहीतर साध्या दिव्यांखाली फ्लिकर येतो.

७००डीच्या बॅटऱ्या आर५० किंवा आर१० मध्ये बसत नाहीत, सो जादा बॅटरी किंवा वीज असेल तिथे डमी बॅटरी (बॅटरीच्या जागी बसवून थेट विजेवर कॅमेरा चालवणारी) धरूनच हिशोब करा. आणि प्लीज, सगळे पैसे बॉडीत घालू नका. दोन्ही कॅमेऱ्यांना हेडफोन जॅक नाही, आवाज बिघडला तर घरी आल्यावर कळणार, म्हणून छोटा रेकॉर्डर घेऊन पायपेटी आणि मृदंगाच्या जवळ पण थोडा बाजूला ठेवा, गाणं आणि संवाद नीट आले नाहीत तर दशावतार बघणार कोण?

प्रश्न : निकॉन डी७००० वरची ५० एमएम एएफ-डी लेन्स झेड३० ला चालेल का?

उत्तर : एफटीझेड अडॅप्टरने (निकॉनच्या जुन्या लेन्स झेड कॅमेऱ्यांना जोडणारा) बसेल, पण ऑटोफोकस नाही. ही लेन्स बॉडीतल्या मोटरवर फिरते आणि झेड३० किंवा अडॅप्टर, दोन्हीत मोटर नाही. हाताने फोकस करायची तयारी असेल तरच जा, नाहीतर एएफ-एस लेन्स बघा, त्यांच्या आतच मोटर असते, म्हणून ऑटोफोकस चालतो.