सरासरी सारखीच आली, तर दोन तुकड्यांतला फरक आलेखात कसा दाखवायचा?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: बी.एड.च्या कृतिसंशोधनासाठी आठवीच्या दोन तुकड्यांचे 50 पैकी गुण घेतलेत, दोन्हींची सरासरी जवळपास सारखी आली, प्रमाण विचलनातही (गुण सरासरीपासून साधारण किती दूर पसरलेत, त्या मापात) फारसा फरक नाही, आणि मार्गदर्शक म्हणतात, 'गुण किती विखुरलेत ते आलेखाने दाखवा.' आता बॉक्स प्लॉट (मधल्या निम्म्या आकड्यांची पेटी, तिच्यात मध्यकाची रेघ, दोन्ही बाजूंना टोकांकडे जाणाऱ्या रेघा) काढायचा की आयतालेख (हिस्टोग्राम: गुणांचे वर्ग पाडून प्रत्येक वर्गातल्या मुलांच्या संख्येएवढा उंच आयत)?

मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते, तेव्हा थोडी मास्तरकी चालवून घ्या. आधी ठिपके काढा, मग आयतालेख. बॉक्स प्लॉट सगळ्यात शेवटी, आणि तोही एकटा नको.

ठिपके म्हणजे अगदी साधं काम. 0 ते 50 अशी आडवी रेघ, प्रत्येक मुलाचा एक ठिपका, गुण सारखे असतील तर ठिपक्यावर ठिपका. दुसऱ्या तुकडीची रेघ बरोबर त्याखाली आणि त्याच मापाची. तुकडीत चाळीस-पन्नास मुलं असतील तर आलेख कागदावर हातानेही होतं. मुलं कुठे गोळा झालीत, मध्ये खिंडार आहे का, एखादं पोर टोकाला एकटं पडलंय का, हे लगेच कळतं. पास होण्याच्या 18 गुणांवर ठिपक्यांचा मनोरा आणि 16-17 ओसाड असं दिसलं, तर ती माहिती मुलांपेक्षा पेपर तपासणाऱ्याबद्दल जास्त असते! अशी गोष्ट सरासरी, प्रमाण विचलन आणि बॉक्स प्लॉट तिघांतही हरवते.

बॉक्स प्लॉटवर एकट्यावर का विसंबू नये, याचं माझं आवडतं उदाहरण अमेरिकेतल्या यलोस्टोन उद्यानातलं आहे. तिथे 'ओल्ड फेथफुल' नावाचा गरम पाण्याचा फवारा थांबून-थांबून उसळतो. त्याच्या 272 उसळण्यांची नोंद 'आर' या सॉफ्टवेअरमध्ये आयतीच मिळते, आणि जगभर संख्याशास्त्राच्या वर्गात ती वापरतात. एक उसळणं किती मिनिटं चाललं ते बघू. सरासरी 3.49 मिनिटं, प्रमाण विचलन 1.14. पहिलं चतुर्थक (चढत्या क्रमाने लावलेल्या आकड्यांपैकी पाव भाग ज्याच्या खाली असतो तो आकडा) 2.16, मध्यक (बरोबर मधला) 4, तिसरं चतुर्थक (पाऊण भाग ज्याच्या खाली असतो तो) 4.45. सर्वांत लहान 1.6, सर्वांत मोठं 5.1. याचा बॉक्स प्लॉट काढला तर छान नीटनेटका येतो, बाहेर फेकलेला एकही ठिपका नाही. बघणाऱ्याला वाटतं, बहुतेक उसळणी तीन-चार मिनिटांच्या आसपास असणार.

आता तेच आकडे अर्ध्या-अर्ध्या मिनिटाच्या वर्गांत टाका. 1.5 ते 2 मध्ये 51, पुढे 41, मग 5, 7, 30, 73, 61 आणि शेवटच्या 5 ते 5.5 मध्ये 4. सरासरी ज्या वर्गात पडते, त्या 3 ते 3.5 मध्ये 272 पैकी फक्त 7 उसळणी आहेत! दोन मिनिटांच्या जवळ एक ढीग, साडेचारच्या जवळ दुसरा, मधे जवळजवळ काही नाही. आणि बॉक्स प्लॉटची पेटी 2.16 ते 4.45 अशी नेमकी त्या रिकाम्या जागेवर अंथरलेली. पेटी खोटं बोलत नाही, मधले निम्मे आकडे तिच्यातच आहेत. पण पेटीत ते कुठे बसलेत, हे सांगण्याची सोयच तिच्यात नाही. ते दोन ढीग मात्र खरे आहेत: लहान उसळण्यानंतर पुढची वाट थोडी बघावी लागते, मोठ्यानंतर जास्त, आणि पुढची वेळ वर्तवताना याचाच आधार घेतात.

तुमच्या एखाद्या तुकडीत असंच असू शकतं. वीस मुलांना 15 आणि वीस मुलांना 35 गुण असतील तर सरासरी 25, प्रमाण विचलन 10. दुसऱ्या तुकडीत मुलं 25 च्या भोवती घंटेच्या आकारात पसरलेली असली, तरी हेच दोन आकडे येऊ शकतात. शिकवणाऱ्याच्या दृष्टीने या दोन अगदी वेगळ्या तुकड्या आहेत.

आयतालेखाची मेख वर्गांतरात, म्हणजे वर्गाच्या रुंदीत आहे. वरचेच आकडे दोन-दोन मिनिटांच्या वर्गांत टाकले, तर 104 आणि 168 असे दोन आयत उरतात, खिंडार गायब. एक-एक मिनिटाचे घेतले तर 92, 12, 103, 65, खिंडार परत हजर. म्हणून सॉफ्टवेअरने दिलेलं वर्गांतर मुकाट्याने घेऊ नका, दोन-तीन बदलून बघा. 50 गुणांसाठी 5 चं घ्या, 10 चं फार ढोबळ होईल. दोन्ही तुकड्यांना वर्ग तेच आणि दोन्ही अक्षांची मापंही तीच ठेवा, नाहीतर तुलनेला अर्थ नाही.

मग बॉक्स प्लॉट कशाला? गट पुष्कळ असतील तेव्हा. मुंबईच्या पावसाची वर्षानुवर्षांची मासिक बेरीज बारा पेट्यांत शेजारी-शेजारी मांडा, पावसाळा एका नजरेत दिसतो. बारा आयतालेख कोण बघत बसणार? अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ जॉन टुकी यांनी 1970 च्या दशकात हा आलेख रुळवला. त्यांच्या नियमाने पेटीच्या टोकापासून तिच्या लांबीच्या दीडपटीहून लांब पडलेला आकडा वेगळ्या ठिपक्याने दाखवतात. तो ठिपका म्हणजे चूक, असं समजून खोडू नका. सांताक्रूझला 26 जुलै 2005 ला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तो कुठल्याही आलेखात बाहेरच पडेल, पण पडला तर होताच. आधी उत्तरपत्रिका काढून गुण बरोबर चढवलेत ना ते बघा, बरोबर असतील तर ठिपका राहू द्या.

एक्सेलमध्ये करणार असाल तर एक गोष्ट. तिथे बॉक्स प्लॉटमध्ये चतुर्थकांसाठी 'इनक्लुझिव्ह' आणि 'एक्सक्लुझिव्ह' असे दोन पर्याय असतात. 12, 15, 20, 22, 30, 31, 40 या सात गुणांचं पहिलं चतुर्थक 'इनक्लुझिव्ह'ने 17.5 येतं, 'एक्सक्लुझिव्ह'ने 15. पुस्तकातल्या (n+1)/4 च्या रीतीनेही (n म्हणजे एकूण आकडे, इथे 7, म्हणून दुसरा आकडा) 15 च. हाताने काढलेलं जुळलं नाही तर गणित परत करत बसू नका, तो पर्याय बदला, आणि कोणता वापरला ते आलेखाखाली एका ओळीत लिहा. तोंडी परीक्षेत कोणीतरी हमखास विचारतं.