शाळेतल्या शिक्षकांना चीन-जपान-कोरियाचं ट्रेनिंग खरंच फुकट मिळतं का?

तुम्ही लिहिलंय की न्यू जर्सीत मिडल स्कूलला सोशल स्टडीज शिकवता, यंदा चीन-जपान-कोरियाचं युनिट गळ्यात पडलंय, आणि स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणालं की यासाठी फुकट ट्रेनिंग असतं, तर ते खरं की त्यात काही गोम आहे? खरं आहे. गोम पण आहे, पण पैशांची नाही.

मी पण याच राज्यात शिकवते. माझं शिक्षण सगळं साताऱ्यात झालं, त्यामुळे चीन म्हटलं की ह्युएन त्संग आणि १९६२, जपान म्हटलं की हिरोशिमा आणि बुलेट ट्रेन, आणि कोरिया म्हटलं की काहीच नाही, एवढ्या भांडवलावर मी पहिली दोन वर्षं ते युनिट रेटलं. कागदी पंखे, चॉपस्टिक, एक दिवस सुशी. मुलं खूश, मीही खूश.

तर मुख्य नाव लक्षात ठेवा, नॅशनल कन्सोर्टियम फॉर टीचिंग अबाउट एशिया, सगळे एनसीटीए म्हणतात. १९९८ पासून चालू आहे, आणि कोलंबिया, इंडियाना, पिट्सबर्ग, कोलोरॅडो (बोल्डरवालं) अशा युनिव्हर्सिट्यांमधली एशियन स्टडीजची सेंटर्स मिळून ते चालवतात. पैसा मुख्यतः फ्रीमन फाउंडेशनचा. हे फ्रीमन म्हणजे इन्शुरन्सवाले, ज्या धंद्याची पुढे एआयजी झाली तो १९१९ साली शांघायमध्ये सुरू झाला होता आणि तो वाढवणाऱ्यांत थोरले फ्रीमन होते. म्हणजे चीनमध्ये विमे विकून उभा राहिलेला पैसा आज तुमच्या-माझ्या पुस्तकांवर खर्च होतोय, मला याची गंमत वाटते.

त्यांचा नेहमीचा सेमिनार साधारण ३० तासांचा असतो, कधी उन्हाळ्यात आठवडाभर सलग, कधी शाळा सुटल्यावर दर आठवड्याला, आता बरेचसे ऑनलाइन. फी नाही, पुस्तकं घरपोच येतात, काही ठिकाणी संपल्यावर थोडं मानधनही देतात. दर वर्षी कुठलं सेंटर काय देतंय ते बदलतं, म्हणून एकाच जागी अर्ज टाकून बसू नका, दोन-तीन सेंटर्सच्या ईमेल लिस्टवर नाव घालून ठेवा.

आता गोम. वाचन भरपूर असतं आणि ते खरंच करावं लागतं, कारण वर्गात बारा-पंधरा जण आणि प्रोफेसर नाव घेऊन विचारतात. शेवटी स्वतःच्या वर्गासाठी लेसन प्लॅन लिहून द्यायचा असतो, तो दिल्याशिवाय सर्टिफिकेट नाही. मी मार्च महिन्यात, ग्रेडिंगचा ढीग समोर आणि घरी पोरगी तापाने फणफणलेली, अशात रात्री अकराला चीनच्या साँग राजवटीबद्दल वाचत बसलेय. आणि हो, प्रिन्सिपलला आधी विचारा. आपल्याकडे वर्षाला किमान २० तास पीडी (प्रोफेशनल डेव्हलपमेंट, म्हणजे शिक्षकांचं सक्तीचं प्रशिक्षण) लागतं, ते यातून सहज निघतं, पण मी आधी लेखी परवानगी घेतली नव्हती तर आमच्या ऑफिसने निम्मे तास धरलेच नाहीत. प्रिन्सिपलने कुरकुर केली तर जानेवारी २०२२ चा कायदा दाखवा, एशियन अमेरिकन इतिहास शाळेत शिकवायचा असं सांगणारं इलिनॉयनंतरचं दुसरं राज्य आपलंच. ईस्ट एशिया आणि ते अगदी एकच नाही, पण बोलणं सुरू करायला पुरतं.

मिळतं काय ते एका उदाहरणाने सांगते. छिंगमिंगच्या सणाच्या दिवसांतलं नदीकाठचं शहर दाखवणारी बाराव्या शतकातली एक चिनी चित्रगुंडाळी आहे, चांग झेदुआन नावाच्या चित्रकाराची, उंची वीतभर आणि लांबी पाच मीटरच्या वर. मूळ बीजिंगला आहे, आम्हाला कागदी प्रत दिली. आम्ही लगेच चार टेबलं जोडून अख्खी पसरली आणि फोटो काढायला लागलो. प्रोफेसर म्हणाले, गुंडाळा परत. हे भिंतीवर लावायचं चित्र नाही, डाव्या हाताने हातभर उलगडायचं, उजव्या हाताने गुंडाळत जायचं, उजवीकडून डावीकडे. तसं केलं आणि काय सांगू, आधी नुसती शेतं, एखादं गाढव, मग नदी, मग होड्या वाढत जातात, आणि अचानक कमानीचा पूल, त्याखाली एक मोठी होडी जिची डोलकाठी वेळेत खाली आलेली नाही, पुलावरचे लोक कठड्यावरून ओणवे होऊन ओरडतायत. पुढचा हात उलगडेपर्यंत तुम्हाला माहीतच नसतं काय होणार. माझ्या सातवीच्या मुलांना मी हे कॉरिडॉरमध्ये करायला लावते, पुलाशी आल्यावर जी बोंबाबोंब होते ती ऐकून शेजारच्या वर्गातली बाई येऊन गेलीये.

आणि कोरिया! आमच्या टेक्स्टबुकात कोरिया येतो तो थेट १९५० च्या युद्धात. सेमिनारमध्ये कळलं की धातूचे सुटे खिळे जुळवून छापलेलं जिकजी नावाचं कोरियन पुस्तक १३७७ चं आहे, गुटेनबर्गच्या बायबलच्या पंचाहत्तरेक वर्षं आधीचं. त्याहून मला भावली ती त्यांची लिपी, राजा सेजोंगने १४४६ ला जाहीर केलेली हंगुल. बाकीचे शिक्षक चाचपडत होते आणि मला दहा मिनिटांत कळलं, कारण त्यांचा तक्ता म्हणजे सरळसरळ आपली बाराखडी आहे हो! एका बाजूला व्यंजनं, वर स्वर, आणि चौकटीत ग, न, द सगळे काना-मात्रा लावून उभे. पहिलीत पाटीवर गिरवलेलं असं चाळीस वर्षांनी कामाला येईल हे आमच्या बाईंना सांगायला हवं होतं. आता माझी मुलं एका तासात आपापली नावं हंगुलमध्ये लिहितात, आणि वर्गातली कोरियन मुलगी त्या दिवशी सगळ्यांच्या चुका काढत फिरते.

सेमिनार पूर्ण केलेल्यांना पुढे स्टडी टूरसाठी अर्ज करता येतो, चीन, जपान वगैरे, बराचसा खर्च तेच करतात. मी एकदा केला, नाही झालं, परत करणार आहे.

तुमची पुण्याची बहीण शिक्षिका आहे असं लिहिलंय, तर हे सेमिनार अमेरिकेतल्या शिक्षकांसाठीच असतात, तिला त्यात जागा मिळणं कठीण. पण कोलंबियाची ‘एशिया फॉर एज्युकेटर्स’ ही वेबसाइट सगळ्यांना उघडी आहे, मूळ कागदपत्रांचे उतारे, नकाशे, वर्गात विचारायचे प्रश्न, सगळं फुकट. अर्ज करायच्या आधी तुम्हीही तिथलं चीनच्या तांग राजवटीबद्दलचं वाचून घ्या, अर्जात तुम्हाला हे का शिकायचंय असा प्रश्न हमखास असतो आणि तिथे ‘मला आशियाई संस्कृती आवडते’ एवढंच लिहू नका, अमुक युनिटमध्ये माझं अमुक अडतं असं लिहा. माझा पहिला अर्ज आवडण्यावरच गेला होता.