सिसी राजकन्या होती का?

प्रश्न असा आहे : ऑस्ट्रियाची एलिझाबेथ उर्फ सिसी हिच्याविषयीच्या मराठी मजकुरात लग्नापूर्वी तिला कुठे ‘राजकन्या’ तर कुठे ‘युवराज्ञी’ म्हटलेले दिसते आणि लग्नानंतर ती ‘साम्राज्ञी’ होते. अनुवाद करताना यांतला कोणता शब्द कुठे योग्य ठरेल, आणि ‘डचेस’ला मराठी प्रतिशब्द आहे का?

आधी थोडक्यात सांगतो. काटेकोर अर्थाने सिसी राजकन्या नव्हती, युवराज्ञी तर ती एक दिवसही नव्हती, आणि ‘साम्राज्ञी’ हे रूपच चुकीचे आहे. ती जन्माने डचेस होती आणि वयाच्या सोळाव्या वर्षी थेट सम्राज्ञी झाली. मधली पायरी तिच्या आयुष्यात आलीच नाही, आणि तिच्या चरित्रातल्या पुष्कळशा गोष्टी या न आलेल्या पायरीपाशी येऊन थांबतात, म्हणून शब्दांचा हा घोळ निस्तरणे मला महत्त्वाचे वाटते.

‘राजकन्या’ हा षष्ठी तत्पुरुष आहे : राजाची कन्या. बालकथांनी या शब्दाला इतके सैल केले आहे की कोणत्याही वाड्यातली कोणतीही देखणी मुलगी राजकन्या ठरते. परंतु चरित्रलेखनात एवढी सैल भाषा चालत नाही. सिसीचा जन्म २४ डिसेंबर १८३७ रोजी म्युनिकमध्ये झाला. तिचे वडील मॅक्सिमिलियन हे बव्हेरियाच्या राजघराण्याच्या धाकट्या शाखेतले ड्यूक होते, राजे नव्हते. राजकन्या होती ती तिची आई लुडोविका, कारण ती बव्हेरियाचा पहिला राजा मॅक्सिमिलियन योझेफ याची मुलगी. काटेकोरपणाची फारच हौस असेल तर एक गंमत पाहा : लुडोविकेची थोरली बहीण सोफी जानेवारी १८०५ मध्ये जन्मली तेव्हा त्यांचे वडील अजून ‘इलेक्टर’च (पवित्र रोमन सम्राट निवडण्याचा हक्क असलेले संस्थानिक) होते, ते राजे झाले १ जानेवारी १८०६ रोजी. म्हणजे ही सोफी जन्मली तेव्हा राजकन्या नव्हती, अकरा महिन्यांनी झाली. तिला लक्षात ठेवावे, ती पुढे पुन्हा येणार आहे.

आता सिसीची जर्मन पदवी पाहू. ती होती ‘हेर्त्सोगिन इन बायर्न’. यातले ‘इन’ हे छोटेसे अव्यय फार बोलके आहे. राज्य करणाऱ्या शाखेतली मंडळी ‘फॉन बायर्न’, म्हणजे ‘बव्हेरियाची’, आणि सिसीच्या शाखेतली मंडळी ‘इन बायर्न’, म्हणजे ‘बव्हेरियातली’. इंग्रजीत हा फरक करायला गेले तर वाक्य अवघडते, म्हणून पुष्कळ लेखक तो सोडून देतात. मराठीत मात्र तो षष्ठी आणि सप्तमी यांच्या फरकाने अगदी सहज होतो. ‘बव्हेरियाची राजकन्या’ म्हणजे आई आणि ‘बव्हेरियातील डचेस’ म्हणजे मुलगी. हाताशी इतकी चोख प्रत्ययव्यवस्था असताना आपण इंग्रजीची अडचण उसनी का घ्यावी, हे मला कळत नाही.

‘डचेस’ म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे ड्यूकची बायको येते, कारण आपली ओळख इंग्लंडच्या पद्धतीशी आहे आणि तिथे ड्यूकच्या मुली डचेस होत नाहीत. जर्मन घराण्यांत पदवी सगळ्या अपत्यांना जन्मतःच मिळे, त्यामुळे पाळण्यातली सिसीही डचेसच होती. दहा वर्षांच्या मुलीला डचेस म्हणणे अनुवादकांना विचित्र वाटते, आणि मग ‘राजकन्या’ हा गोड शब्द पुढे येतो. वास्तविक जन्मसिद्ध पदवी आपल्याला अपरिचित नाही. छत्रपतींच्या घराण्यांत मुलींच्या नावापुढेही ‘राजे’ लागते. कोल्हापूरच्या पद्माराजेंचे नाव सर्वांना ठाऊक आहे. त्या ‘राजे’चा अर्थ जसा ‘राज्य करणारी’ असा होत नाही, तसाच सिसीच्या ‘हेर्त्सोगिन’चाही होत नाही.

मूळ ‘हेर्त्सोग’ या शब्दाचा अर्थ सैन्याला घेऊन जाणारा, म्हणजे आपला सेनापती. पद आधी कामाचे असते, मग वंशपरंपरेने चालते आणि शेवटी नुसती प्रतिष्ठा उरते. तळेगावच्या दाभाड्यांच्या सेनापतिपदाचा इतिहास ठाऊक असलेल्याला हे निराळे समजावण्याची गरज नाही. तरीही ‘डचेस’साठी ‘सेनापतीण’ लिहा असे मी सुचवणार नाही, कारण वाचक तिच्या हातात तलवार शोधू लागेल. ‘सरदारीण’ हा शब्दही अपुरा पडतो : सरदार राजाच्या पदरी असतो, आणि सिसीचे घराणे तर राजाच्याच रक्ताचे होते. ‘डचेस’ आता मराठीत रुळला आहे, तोच ठेवावा आणि पहिल्या उल्लेखात ‘जन्माने डचेस’ एवढे जोडावे.

या मधल्या दर्जाचा तिच्या बालपणावर काय परिणाम झाला, हे इथे सांगितले पाहिजे. वडिलांना दरबारात कसलीही जबाबदारी नव्हती. ते झिथर हे तंतुवाद्य वाजवत, त्यांनी म्युनिकच्या आपल्या वाड्यात सर्कशीचे रिंगण बांधून घेतले होते आणि सिसीच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांनी, १८३८ मध्ये, ते इजिप्तच्या प्रवासाला निघून गेले. उन्हाळे श्टार्नबर्ग सरोवराकाठच्या पोझेनहोफेनला जात. घोडेस्वारी, पोहणे, डोंगरात भटकणे यांत मुलांचे दिवस सरत. खऱ्याखुऱ्या राजकन्येला लहानपणापासून जे वळण लावतात, ते या मुलांना बेताचेच लागले.

ऑगस्ट १८५३ मध्ये बाड इशल येथे जे घडले ते सर्वांना ठाऊक आहे : तेवीस वर्षांचा सम्राट फ्रान्झ योझेफ सिसीच्या थोरल्या बहिणीला, हेलेनेला, पाहायला आला आणि पंधरा वर्षांच्या धाकटीवर भाळला. १९ ऑगस्टला वाङ्निश्चय जाहीर झाला. नात्याच्या शब्दांचा विचार करणाऱ्याने मात्र इथे थबकावे. सम्राटाची आई म्हणजे वर उल्लेखिलेली सोफी, लुडोविकेची सख्खी बहीण. इंग्रजीत ‘आंट’ आणि ‘कझिन’ म्हणून मोकळे होता येते. मराठीत लिहायचे तर सिसीची मावशीच तिची सासू झाली आणि तिने मावसभावाशी लग्न केले. आपल्याकडे मामेबहिणीशी लग्न काही समाजांत रीतीचे आहे, पण मावसभाऊ म्हणजे भाऊच, त्यामुळे वाचकाला धक्का बसतो आणि काही अनुवादक ‘नात्यातला’ असे गुळमुळीत लिहून सुटका करून घेतात. तसे करू नये. त्या नात्याची अडचण कॅथलिक चर्चलाही होती आणि या विवाहासाठी पोपची खास परवानगी काढावी लागली होती. मराठी शब्द जो धक्का देतो तो इथे खरा आहे.

आता ‘युवराज्ञी’. युवराज्ञी म्हणजे युवराजाची पत्नी, भावी राणी. फ्रान्झ योझेफ २ डिसेंबर १८४८ रोजीच गादीवर बसला होता, त्यामुळे २४ एप्रिल १८५४ रोजी व्हिएन्नाच्या ऑगस्टिनियन चर्चमध्ये लग्न लागले त्या क्षणी सिसी सम्राज्ञी झाली. तिला उमेदवारीचा काळ मिळाला नाही. तयारीसाठी हाती आले ते वाङ्निश्चयानंतरचे आठ महिने, ज्यांत घाईघाईने तिला इतिहास आणि भाषा शिकवण्यात आल्या. त्यांपैकी योहान मायलाथ या हंगेरियन इतिहासकाराची शिकवणी तेवढी तिच्या मनात रुजली आणि पुढे हंगेरीविषयीच्या तिच्या ओढीत दिसली.

‘युवराज्ञी’ हा शब्द ज्या स्त्रीसाठी राखून ठेवायला हवा ती सिसीची सून स्टेफनी. बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याची ही मुलगी १० मे १८८१ रोजी, सतरावे वर्ष पूर्ण व्हायला अकरा दिवस असताना, युवराज रुडॉल्फशी विवाहबद्ध झाली. ३० जानेवारी १८८९ रोजी मायरलिंगला रुडॉल्फ मृत्यू पावला आणि स्टेफनी ‘युवराज्ञी-विधवा’ या पदवीवर अडकली. १९०० साली तिने एका हंगेरियन काउंटशी पुनर्विवाह केला तेव्हा ती पदवीही गेली. सासू सम्राज्ञी झाली पण युवराज्ञी कधी नव्हती, आणि सून युवराज्ञी झाली पण सम्राज्ञी कधीच होऊ शकली नाही. दोघींसाठी एकच शब्द वापरणारा अनुवाद ही सारी गोष्टच पुसून टाकतो.

‘साम्राज्ञी’चा उगम उघड आहे. ‘साम्राज्य’ या शब्दात ‘सम्राज्’ला भाववाचक प्रत्यय लागताना आदिस्वराची वृद्धी होते, म्हणून तिथे ‘सा’. ‘सम्राज्ञी’त तशा वृद्धीचे कारण नाही, केवळ ‘साम्राज्य’च्या सवयीने जीभ आणि लेखणी घसरते. मूळ रूप किती जुने आहे हे पाहायचे तर ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले विवाहसूक्त पाहावे, ज्यात नववधूला आशीर्वाद दिला आहे : ‘सम्राज्ञी श्वशुरे भव सम्राज्ञी श्वश्र्वां भव’, म्हणजे सासऱ्यांवर सम्राज्ञी हो, सासूवर सम्राज्ञी हो. पुढे नणंद आणि दीरही आहेत.

मला हा मंत्र सिसीच्या संदर्भात हटकून आठवतो, कारण तिच्याइतका तो शब्दशः क्वचितच कुणाच्या बाबतीत खरा झाला असेल. सोफीने १८४८ मध्ये आपल्या नवऱ्याला गादीवरचा हक्क सोडायला लावून मुलाला सम्राट केले, आणि त्यामुळे ती स्वतः सम्राज्ञी होऊ शकली नाही. ती शेवटपर्यंत आर्चडचेस (ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग राजघराण्यातल्या स्त्रियांची पदवी) राहिली. दरबारी मानक्रमात सोळा वर्षांची सून सासूच्या पुढे आणि सासऱ्याच्याही पुढे. घरात मात्र याच्या नेमके उलटे. पहिली मुलगी ५ मार्च १८५५ रोजी झाली तेव्हा तिचे नाव आजीवरून सोफी ठेवले गेले, आईला न विचारता, आणि मुलांचा सांभाळ आजीने आपल्या हाती घेतला. लग्नाच्या समारंभातला एक प्रसंग चरित्रकारांनी नोंदवला आहे : समोर आलेल्या दोन मामेबहिणींना, माहेरच्या राजकन्यांना, सिसी मिठी मारायला गेली, तेव्हा सासूने अडवून त्यांना नव्या सम्राज्ञीच्या हाताचे चुंबन घ्यायला लावले. कालपर्यंत त्या ‘बव्हेरियाच्या’ होत्या आणि ही ‘बव्हेरियातली’. पायरी एका दिवसात उलटली होती, आणि ती उलटल्याचे शिकवण्याचा अधिकार पायरीने खालच्या असलेल्या मावशीकडे होता.

‘आर्चडचेस’ला मराठी शब्द घडवण्याच्या फंदात पडू नये. ‘महाडचेस’ लिहिले तर रशियाच्या ‘ग्रँड डचेस’शी गल्लत होईल. ‘आर्चबिशप’मुळे ‘आर्च’ आपल्या कानांना सवयीचे आहे. मात्र ही पदवी लेकीला जन्माने आणि सुनेला लग्नाने मिळे. सिसीची मुलगी गिझेला पहिल्या प्रकारची, सासू सोफी दुसऱ्या. कोण लेक आणि कोण सून, हे मराठीत सांगून टाकावे. (या पदवीचा पायाच चौदाव्या शतकात चौथ्या रुडॉल्फने बनवून घेतलेल्या खोट्या सनदेत आहे, हे जाता जाता.)

‘राणी’बद्दलही एक सूचना. ८ जून १८६७ रोजी बुडा येथे फ्रान्झ योझेफचा हंगेरीचा राजा म्हणून राज्याभिषेक झाला आणि त्याच दिवशी सिसीलाही मुकुट चढवण्यात आला. हंगेरियन भाषेत राजाची पत्नी ती ‘किरायने’ आणि स्वतः राज्य करणारी ती ‘किरायनो’, असे दोन वेगळे शब्द आहेत, सिसी पहिली. मराठीत ‘राणी’ दोघींनाही चालते, जसे ‘मास्तरीण’ म्हणजे शिकवणारी बाईही आणि मास्तरांची बायकोही. शंका येईल तिथे ‘राजपत्नी’ लिहावे.

उरली ‘काउंटेस’. प्रवासात सिसी ‘होहेनेम्ब्सची काउंटेस’ असे नाव लावत असे. अनेक मराठी लेखांत याला ‘खोटे नाव’ म्हटलेले असते. ते बरोबर नाही. सम्राटाच्या लांबलचक बिरुदावलीत होहेनेम्ब्सचा काउंट हे बिरुद खरोखरच होते. तिने त्या यादीतले तळाकडचे एक पद उचलले, इतकेच. म्हणून ‘आडनाव बदलून’ किंवा ‘तोतया नावाने’ न लिहिता ‘धाकट्या पदवीने’ लिहावे. १० सप्टेंबर १८९८ रोजी जिनिव्हाच्या धक्क्यावर लुकेनी या इटालियन अराजकवाद्याने तिला भोसकले आणि ती तशीच चालत बोटीवर गेली, तेव्हाही कप्तानाच्या लेखी ती एक परकी प्रवासी बाई होती. ती ऑस्ट्रियाची सम्राज्ञी आणि हंगेरीची राणी आहे, हे सोबतची दरबारी सखी इर्मा स्टाराय हिने सांगितल्यावर बोट माघारी वळवण्यात आली. त्या प्रसंगाचा अनुवाद करताना त्या क्षणापर्यंत ‘काउंटेस’ किंवा ‘बाई’ एवढेच लिहावे, आणि ‘सम्राज्ञी’ हा शब्द स्टारायच्या तोंडूनच पहिल्यांदा येऊ द्यावा.